वेसण नेमकी कुणाला?



गुरुकुंज म्हटलं की खंजिरी आठवते. १९३५ साली तुकडोजी महाराजांनी इथं आश्रम उभारला. पण इथला सगळ्यांत मोठा क्षण आवाजाचा नाही. पुण्यतिथीला ४ वाजून ५८ मिनिटांनी, महाराज गेले त्या वेळेला, हजारोंचा समुदाय एकाएकी निःशब्द होतो. एरवी आपण वऱ्हाडी माणसं गप्प बसणाऱ्यांतली नव्हेत! मला आज या थांबण्याविषयीच बोलायचं आहे.

१ जुलै २०१८. त्या दिवशी कुणीच थांबलं नाही. धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा, आठवडी बाजाराचा रविवार. मंगळवेढ्याकडून भिक्षा मागत आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथं पोचले. 'मुलं पळवणारी टोळी आली' ही आवई मोबाइलवरून त्यांच्या आधीच पोचली होती. जमावानं त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारून टाकलं. ग्रामपंचायतीत! लोकशाहीची पहिली पायरी आपण जिला म्हणतो, तिच्या चार भिंतींत.

आवया पूर्वीही उठायच्या. पण त्या पायी चालायच्या. वाटेत ओट्यावरची एखादी म्हातारी विचारायची, 'कोनं पाह्यलं बापा?' आणि निम्मी आवई तिथंच बसायची. यंत्रानं ही म्हातारी वाटेवरून उठवली.

राईनपाड्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपनं भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पुढे ढकलता येईल, असं बंधन घातलं. म्हातारीला परत ओट्यावर बसवण्याचा तो प्रयत्न होता. कुणाचं तोंड बंद झालं नाही, निरोपाची धाव तेवढी आवरली. मला हे नियमन पटतं.

सरकारी रीत वेगळी. नोव्हेंबर २०२१ मध्ये त्रिपुरातल्या घटनांच्या खऱ्या-खोट्या बातम्यांवरून अमरावती पेटली, मे २०२३ मध्ये एका पोस्टवरून अकोला. दोन्ही वेळा इंटरनेट बंद. आग लागली म्हणून गावची विहीर बुजवावी, तसं. ज्याला खोटं खोडायचं होतं, त्याचाही आवाज गेला. असे आदेश जाहीर केले पाहिजेत, असं सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०२० मध्ये सांगितलं होतं. चावडीवर लागलेला असा कागद मी तरी पाहिलेला नाही.

दुसरी रीत बोलणाऱ्याला धरण्याची. २०१२ साली पालघरच्या दोन मुलींना एका फेसबुक पोस्टपायी अटक झाली. माहिती तंत्रज्ञान कायद्यातल्या ज्या ६६अ कलमाचा तिथं आधार घेतला गेला, ते २४ मार्च २०१५ रोजी रद्द झालं. मग त्याच कायद्याखालचे २०२३ चे नियम आले. केंद्र सरकारच्या कारभाराविषयी खोटं काय, हे सरकारनंच नेमलेला कक्ष ठरवणार! पक्षकारच न्यायाधीश. मुंबई उच्च न्यायालयानं २० सप्टेंबर २०२४ रोजी तेही मोडीत काढलं.

मग वेसण कुणाला? वर्तमानपत्रावर संपादकाचं नाव छापावं लागतं, फिर्याद त्याच्यावर होते. तुमच्या मोबाइलवर सकाळी पहिलं काय दिसावं, हे ठरवणाऱ्याचं नाव कुठं छापलेलं आहे? राग जितका भडकेल तितका वेळ माणूस खिळून राहतो, आणि त्या वेळेचेच पैसे होतात. युरोपीय संघाच्या २०२२ च्या कायद्यानं मोठ्या कंपन्यांना, वापरणाऱ्याच्या सवयी न चाचपता मजकूर दाखवण्याचा एक पर्याय देणं भाग पाडलं. निवडणुकीला आपल्यामुळे कोणता धोका आहे, तेही त्यांनाच तपासावं लागतं. आपल्याकडे हे हवं, आणि मराठीतून हवं. वऱ्हाडीत दिलेली धमकी आणि वऱ्हाडीत केलेली थट्टा यांतला फरक कळणारी माणसं तक्रारी वाचायला हवीत. आपल्या २०२३ च्या विदासंरक्षण कायद्यानं कंपन्यांना दावं बांधलं खरं, पण सरकारी यंत्रणांना सूट देण्याचा अधिकार सरकारनं स्वतःकडेच ठेवला.

दुपारी या मंडपात ठराव येईल. मसुदा मी पाहिला. 'समाजमाध्यमांवर कडक निर्बंध घालावेत' एवढंच त्यात आहे. निर्बंध बोलणाऱ्यावर, की पसरवणाऱ्या यंत्राच्या मालकावर? तेवढे चार शब्द जेवणाच्या सुटीत घाला. त्याशिवाय त्या कागदावर माझी, अध्यक्षाची, सही मिळणार नाही.