कसम परेडला काय नेसायचं?

लग्नाला काय नेसायचं, बारशाला काय, हे आपल्याला कोणी शिकवावं लागत नाही. पण घरातला मुलगा फौजेत भरती झाला, त्याचं प्रशिक्षण संपलं आणि ‘अमुक तारखेला कसम परेड आहे, आईवडिलांनी यावं’ असा निरोप आला, की घरातल्या बायका कपाट उघडून नुसत्या उभ्या राहतात. आमच्या घरी तसंच झालं. दोन हिवाळ्यांपूर्वी माझा पुतण्या बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्रातून अग्निवीर होऊन बाहेर पडला, आणि त्या एका सकाळसाठी आमच्याकडे पंधरा दिवस कपड्यांचा खल चालला होता.

आधी परेड म्हणजे काय ते सांगते. सात-आठ महिने घाम गाळलेली मुलं त्या दिवशी ध्वजासमोर, धर्मगुरूंच्या उपस्थितीत शपथ घेतात. जमिनीवरून, समुद्रातून किंवा हवेतून, जिथे धाडाल तिथे जाईन आणि जिवाला धोका असला तरी हुकूम पाळीन, असा तिचा मतलब. ती संपली की ‘रंगरूट’ हे नाव सुटतं आणि मुलगा ‘जवान’ होतो. अनेक केंद्रांत त्यानंतर आईवडिलांना ‘गौरव पदक’ देतात. आमच्या घरातला पेच या पदकानेच निर्माण केला.

माझे दीर गेले त्याला नऊ वर्षं झाली. जाऊबाईंनी तेव्हापासून करड्या, बदामी, फिक्या निळ्या साड्यांपलीकडे काही अंगाला लावलं नव्हतं. बळजबरी कोणाची नव्हती, पण ‘आता नेस की गं रंगीत’ असंही कोणी म्हटलं नव्हतं. मीसुद्धा नाही. शिक्षिका असून नाही, हे इथे कबूल करते. पदकाचं कळल्यावर त्या मला म्हणाल्या, “आक्का, तुम्ही आणि भाऊजीच पुढं जावा. मी मागं बसून बघंन.”

पुतण्याचा फोन रविवारी यायचा, तोही पाच-सात मिनिटांचा. त्या रविवारी तो म्हणाला, “आई, ती हिरवी साडी नेसून ये. मैदानावर एवढी माणसं असत्यात, हिरवी असली म्हंजी मला लांबनं घावशील.” जाऊबाई “बघू” म्हणाल्या आणि फोन माझ्या हातात दिला. ती हिरवी म्हणजे दिरांनी शेवटच्या दिवाळीला घेतलेली. ट्रंकेत तळाला होती.

श्रोतेहो, हिरव्याचा अर्थ आपल्याकडे काय, हे मी सांगायला नको. २०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने ग्रामसभेत ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही, मंगळसूत्र काढायचं नाही. त्याच महिन्यात राज्य सरकारनेही परिपत्रक काढून इतर गावांना हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. आमच्या गावच्या शाळेत मी ते मोठ्याने वाचूनही दाखवलं होतं. पण परिपत्रक आणि ट्रंक यांच्यात फार अंतर असतं.

तोवर घरातली पुरुषमंडळी सुटाच्या गोष्टी करू लागली होती. ‘मोठे साहेब असणार, आपण धोतरात कसं जायचं?’ हा प्रश्न आमच्या यजमानांचा. उत्तर मामंजींनी दिलं. मामंजी याच रेजिमेंटचे, १९७१ च्या लढाईत पूर्वेच्या आघाडीवर होते. ते म्हणाले, “पलटणीत कापडाला इचारत न्हाईत, इस्तरीला इचारत्यात. धोतार तर धोतार, पन पांढरंफेक पायजे.” मग त्यांनी स्वतःचं धोतर, काळा कोट आणि फेटा काढला. कोटावर पूर्वी स्टार आणि संग्राम मेडल, डाव्या बाजूला. ज्याने पदक कमावलं त्याने ते डावीकडे लावायचं. मागे राहिलेल्यांनी गेलेल्या माणसाचं पदक लावायचं झालं तर उजवीकडे, अशी रीत आहे. गॅलरीत उजवीकडे पदक लावलेल्या एक बाई होत्या. त्यांच्या बाजूला आम्ही सगळेच जरा हळू बोलत होतो.

प्रबोधिनीची, म्हणजे खडकवासल्याची गोष्ट वेगळी. तिथे अधिकारी घडतात. पुरुष सूट-टायमध्ये आणि बायका रेशमात, असा थाट असतो. २०२५ च्या मे महिन्यात तिथून मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली, तेव्हा फोटोंत आयांच्या साड्या मी मुद्दाम न्याहाळल्या. शिक्षिकेची खोड जात नाही. अमेरिकेत याच्या अगदी उलट. तिथल्या मरीन दलाचं प्रशिक्षण तेरा आठवड्यांचं असतं आणि शेवटी नातेवाईक आपल्या पोराचं नाव छापलेले एकसारखे टीशर्ट घालून येतात. आमच्या यजमानांना ही कल्पना फार आवडली. मामंजींना अजिबात नाही.

जवानांच्या परेडला मात्र खेड्यांतून माणसं येतात, रात्रीच्या गाडीने, एस.टी.ने, जीप करून. म्हणून मी अनुभवाचं सांगते, ऐकून ठेवा. बेळगावची थंडीतली पहाट चांगलीच गार असते. स्वेटर न्या, पण तो उन्हं आल्यावर काढता यावा असा, कारण पदक स्वेटरवर नीट बसत नाही. उंच टाचा घरी ठेवा. मी हौसेने घातल्या, आणि गेटपासून गॅलरीपर्यंतच्या खडीत एक टाच अशी रुतली की मागून येणाऱ्या एका आजीने मला दंडाला धरून उपटलं. निशाण समोरून जाताना सगळ्यांनी उठून उभं राहायचं असतं, शिवाय राष्ट्रगीत. तेव्हा झटकन उठता येईल असं नेसा. निऱ्या सावरत अर्धवट वाकलेल्या बायका मी पाहिल्या, त्यांत मीही होते. आणि ओळखपत्र हाताशी येईल असं ठेवा. पोलक्यात ठेवलंत तर गेटवर पंचाईत.

आणखी एक. पोरांना लष्करी छापाचे कपडे घालू नका. बाजारात चार वर्षांच्या मुलाच्या मापाचेसुद्धा मिळतात आणि गोड दिसतात, हे खरं. पण सैन्याने २०२२ च्या जानेवारीत नवा लढाऊ गणवेश आणला तो नक्कल होऊ नये म्हणूनच जपला जातो. सैनिक आहोत असं भासवण्यासाठी सैनिकी पोशाख घालणं कायद्याने गुन्हा आहे. लहान पोरावर कोणी खटला भरणार नाही, हे मलाही कळतं. तरी ज्या कापडासाठी समोरच्या मुलांनी सात-आठ महिने काढले, ते दीडशे रुपयांत घेऊन तिथे मिरवू नये, असं माझं मत आहे.

आमच्या शेजारी जतकडचे एक गृहस्थ बसले होते. नवाकोरा सूट, बाहीवरची कंपनीची पट्टी तशीच. मी यजमानांना खूण केली, पण ते म्हणाले, “राहू दे, त्यांना ती पदकासारखीच वाटत असंल.” मामंजींनी मात्र खिशातली घडीची कात्री काढली आणि काही न बोलता टाके उसवून दिले.

जाऊबाई हिरवी साडी नेसल्या होत्या. कधी ठरवलं, ठाऊक नाही. लॉजवर पहाटे चारला दिवा लागला, मी डोळे उघडले तर त्या आरशासमोर पदर चापत होत्या. कपाळाला काही नव्हतं. मी उठून पाठीमागून निऱ्या नीट केल्या. मामंजी व्हरांड्यात उभे होते. त्यांनी पाहिलं आणि म्हणाले, “चला, गाडी थांबलीय.” एवढंच.

परेड सुरू झाली. लाइट इन्फंट्रीची चाल वेगळी, मिनिटाला १४० पावलांची. इतरांच्या मानाने ती धावल्यासारखीच वाटते. सगळ्यांची डोकी सारखी, टोप्या सारख्या, आपलं पोर कुठलं हे काही केल्या कळेना. शेवटी जाऊबाईंनीच ओळखला, चालण्यावरून. “त्यो बघा, अगदी कडंला. बापाची चाल हाय.” तुकडी सलामी मंचाजवळ आली, ‘दाहिने देख’ असा हुकूम झाला आणि सगळ्या माना आमच्याकडे वळल्या. एक आमच्याच पोराची वळली नाही. तो सरळ समोर बघत निघून गेला. जाऊबाई उभ्याच राहिल्या होत्या. त्या खाली बसल्या.

मामंजी हसायला लागले. म्हणाले, “अगं, उजव्या कडंच्या गड्यांनी मान वळवायची नसती. त्यांनी बी वळवली तर रांग सरळ कुनाच्या जिवावर ऱ्हाईल?” म्हणजे ज्या साडीसाठी एवढं झालं, ती त्याला दिसलीच नव्हती.

पदक द्यायला अधिकारी आईवडिलांच्या रांगेसमोरून येत होते. आमच्या यजमानांनी मागे सरून जाऊबाईंना पुढे केलं. पदक पिनेचं होतं. पुरुषांच्या कोटाला साहेब स्वतः लावत, बायकांच्या बाबतीत थोडे थबकत. जाऊबाईंपाशी आले, पदक पुतण्याच्या हातावर ठेवलं आणि म्हणाले, “तुम लगाओ.” या पोराने रायफल उघडून जोडायला शिकली होती, पण पदराची चौपदरी घडी आणि खालचं पोलकं यांतून पिन काढताना त्याला घाम फुटला. (बायांनो, डाव्या खांद्यावर पदराला आधीच दोन सेफ्टी पिना लावून जा आणि पदक त्या घडीवर घ्या, नाहीतर वजनाने पदर ओढला जातो.) पिन आरपार गेली ती त्याच्या बोटात. हिरव्यावर रक्ताचा एक थेंब पडला.

“दिसले का रं मी?” जाऊबाईंनी विचारलं.

“आत्ता दिसलीस,” तो म्हणाला.

गावी परतल्यावर बायका आल्या. ‘चार वर्षांची तर नोकरी, त्यातले पाव कायम होणार, मग एवढा थाट कशाला’ असं एकीने बोलूनही दाखवलं. तिचं गणित चुकीचं नव्हतं; आमच्याही मनात ते आहेच. साडीबद्दल मात्र कोणी बोललं नाही, नुसतं बघितलं. जाऊबाईंनी चहा दिला. साडी मी धुवायला मागितली, तेव्हा म्हणाल्या, “थेंब निघंल, पन पिनंचं भोक रफू करू नगा.” मग त्यांनीच ती धुतली, वाळवली आणि कपाटात वरच्या कप्प्यात ठेवली. परवा शाळेच्या स्नेहसंमेलनाला तीच नेसून आल्या होत्या.