बुरशीच्या रिपोर्टमधला आकडा



आयसीयूत बरेच दिवस असलेल्या रुग्णाला पुन्हा ताप चढतो, अँटिबायोटिक बदलूनही उतरत नाही, आणि रक्ताच्या कल्चरमध्ये कॅन्डिडा नावाची यीस्ट उगवते. ही बुरशी रक्तात शिरली की औषधं देऊनसुद्धा दर तीन-चार रुग्णांमागे एक दगावतो. म्हणून डॉक्टर लॅबला लगेच विचारतात, हिच्यावर कोणतं औषध चालेल? लॅबच्या उत्तरावर किती भरवसा ठेवावा, याबद्दल आज बोलायचं आहे.

चाचणी दिसायला सोपी. प्लास्टिकच्या ताटलीतल्या लहान खळग्यांत औषध दुपटीच्या चढत्या क्रमानं घालतात: दर मिलिलिटरला 1, 2, 4, 8 मायक्रोग्रॅम असं. प्रत्येक खळग्यात मोजून यीस्ट सोडायची, 35 अंशांवर 24 तास ठेवायची, आणि वाढ जिथं रोखलेली दिसते तो आकडा लिहायचा. त्याला एमआयसी म्हणतात. पण तीच यीस्ट उद्या पुन्हा लावली, तर उत्तर एक खळगा इकडे किंवा तिकडे सरकू शकतं. एवढा फरक सगळीकडे गृहीतच धरतात. आता कॅन्डिडाच्या अल्बिकन्स जातीसाठी फ्लुकोनाझोल या औषधाच्या अमेरिकी मर्यादा पाहा. 2 पर्यंत सेन्सिटिव्ह, 4 ला मधली पायरी, 8 पासून रेझिस्टंट. म्हणजे खरा आकडा 4 असेल तर रिपोर्टवर तिन्हींपैकी कोणताही शेरा येऊ शकतो!

त्यात फ्लुकोनाझोल यीस्टला मारत नाही, तिची वाढ रोखतं. त्यामुळे काही नमुन्यांत औषध कितीही वाढवलं तरी खळग्यात पुसट धुरकटपणा उरतोच. पूर्वी 48 तासांनी वाचन करत, तेव्हा असे नमुने रेझिस्टंट ठरायचे. उंदरांवरच्या प्रयोगांत मात्र फ्लुकोनाझोल त्यांच्यावर चाललं. म्हणून आता 24 तासांनी, वाढ निम्म्यावर आली का एवढंच पाहतात. कॅस्पोफंजिन या दुसऱ्या औषधाची अडचण वेगळी. त्याचे आकडे लॅबगणिक इतके बदलतात, की युरोपच्या मानक समितीनं त्याची मर्यादाच ठरवलेली नाही. ती त्याच गटातली दुसरी औषधं तपासायला सांगते.

सगळ्यांत मोठा धडा कॅन्डिडा ऑरिसनं दिला, आणि तो आपल्याच देशातला आहे. 2009 मध्ये जपानमध्ये एका रुग्णाच्या कानातून ही जात प्रथम नोंदली गेली. काही वर्षांतच ती भारतातल्या आयसीयूंमध्ये सापडू लागली. पण आपल्याकडची स्वयंचलित यंत्रं तिला ओळखतच नव्हती, भलत्याच जातीचं नाव छापत होती. 2015 मध्ये दिल्लीच्या संशोधकांनी असे 102 नमुने जनुकीय पद्धतीनं पुन्हा तपासले, तर त्यांतले 88 टक्के ऑरिसचे निघाले. शिवाय यंत्रानं अँफोटेरिसिन या बुरशीवरच्या औषधाचे आकडे अवाजवी वाढवून दाखवले होते. खळग्यांच्या मूळ पद्धतीत ते बरेच खाली आले. याचा अर्थ नीट लक्षात घ्या. ऑरिसवर फ्लुकोनाझोल बहुधा चालत नाही. हाताशी मोजकीच औषधं, आणि त्यांतलंही एक खोट्या शेऱ्यामुळे बाद व्हायचं.

चाचणी बिनचूक असली तरी तिला मर्यादा आहेतच. सेन्सिटिव्ह निघालेल्या संसर्गांपैकी साधारण 90 टक्के बरे होतात, पण रेझिस्टंट निघालेल्यांतलेही 60 टक्क्यांच्या आसपास बरे होतात. रुग्णाची प्रतिकारशक्ती, शिरेतली नळी वेळेवर काढली की नाही, यावर पुष्कळ अवलंबून असतं.

तरीही लॅबच्या हातात आहे तेवढं चोख व्हायलाच हवं. ज्यांचे आकडे आधीपासून माहीत आहेत असे प्रमाणित नमुने सोबत लावावेत, आणि ते चुकले तर त्या खेपेचे रिपोर्ट रोखावेत. कोणत्या पद्धतीनं तपासलं, हेही रिपोर्टवर छापावं. ऑरिस अँफोटेरिसिनला रेझिस्टंट आहे असं यंत्र म्हणालं, तर दुसऱ्या पद्धतीनं पडताळल्याशिवाय तो शेरा पक्का धरू नये, असं माझं ठाम मत आहे. ती सोय नसेल तर नमुना चंडीगडच्या पीजीआयसारख्या मोठ्या केंद्राकडे पाठवावा, आणि तोवर डॉक्टरांना फोन करून सांगावं, की हा आकडा अजून कच्चा आहे.