गणपतीचा कारखाना आणि पावसाळ्यातील ऊब

श्रोतेहो, ठाणे-कल्याणकडच्या माणसाला हीटर कशाला हवा, असे कुणीही विचारील. आपल्याकडची थंडी ती केवढी! पौषातल्या पहाटे एक घोंगडी पुरते. पण याच मुलखात अशीही मंडळी आहेत, की त्यांना ऐन आषाढात ऊब विकत घ्यावी लागते. ती म्हणजे आपले गणपती करणारे. कल्याणच्या कुंभारवाड्यातले कारागीर घ्या, डोंबिवलीत मोटारीच्या गॅरेजात चार महिने मांडणी लावून बसणारे घ्या, नाहीतर मुरबाड-शहापूरकडे पडवीला ताडपत्री बांधून पंचवीस-तीस मूर्ती करणारे घ्या. पाऊस लागला की सगळ्यांची चिंता एकच. मूर्ती वाळणार कशी?

प्लास्टरच्या मूर्तीला ही अडचण फारशी येत नाही. प्लास्टर पाण्याशी संयोग पावून घटकाभरात घट्ट होते. शाडूच्या मातीचे तसे नाही. तिच्यातले पाणी हवेत उडून जाईल तेव्हाच ती वाळणार. २०२० च्या मे महिन्यात केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मूर्तिविसर्जनाबद्दल सुधारित सूचना काढल्या आणि प्लास्टर सोडून नैसर्गिक माती वापरावी असे सांगितले. तेव्हापासून शाडूकडे वळणारे वाढले. शाळांतूनही मुले शाडूच्या मूर्ती करू लागली आहेत. त्यात पंचांग आपल्या हातात नाही. २०२३ साली अधिक श्रावण आल्यामुळे चतुर्थी १९ सप्टेंबरला होती. २०२५ साली ती २७ ऑगस्टलाच आली. म्हणजे वाळवण्याचे तीन आठवडे गेले, आणि तेही उघडिपीचे.

आता थोडा हिशेब करू. पाच किलोची ओली मूर्ती धरली, तर तिच्यात एक किलोच्या आसपास पाणी असते. अशा पन्नास मूर्ती मांडणीवर असल्या, म्हणजे पन्नास लीटर पाणी आपल्याला खोलीतून बाहेर काढायचे आहे. तीन-चार हंडे झाले की हो! आणि खोली केवढी? बारा फूट लांब, दहा फूट रुंद, नऊ फूट उंच. जुलैतली कोंदट हवा दहा अंशांनी तापवली, तर एवढ्या खोलीतली हवा आणखी सहाशे ग्रॅमच्या आसपास पाणी पोटात घेते. तेवढ्याने तिचे पोट भरले. मग दारे-खिडक्या लावून रात्रभर हीटर तापवला, तरी मीटर फिरेल, मूर्ती मात्र जागच्या जागी ओली राहील. पुष्कळ जण इथेच फसतात. ऊब बाहेर जाऊ नये म्हणून फटींतसुद्धा चिंध्या कोंबतात!

तेव्हा हीटर घेण्याआधी भिंतीकडे बघा. एका बाजूला जमिनीलगत हवा आत यायला झरोका हवा आणि समोरच्या बाजूला छपराजवळ हवा बाहेर फेकणारा पंखा हवा. तो तासातून दहा-पंधरा मिनिटे चालला तरी दमट हवा निघून जाते. आत साधा पंखा हलता ठेवावा. पंचाहत्तर वॉटचा पंखा आठ तासांत जेमतेम सहा दशांश युनिट वीज खातो. दोन हजार वॉटचा हीटर तेवढ्याच वेळात सोळा युनिटे खातो. जे काम पंख्याने होते ते हीटरकडून करून घेणे म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानात जायला टॅक्सी करण्यासारखे आहे.

आता ऊब कशाची घ्यावी? घमेल्यात कोळसे पेटवून ते मांडणीखाली सरकवायचे, ही जुनी रीत. ती स्वस्त आहे, आणि निखाऱ्यातून पाण्याची वाफही फारशी निघत नाही, हे खरे. पण तीत जीव जातो. धूर संपून निखारा लाल झाला की धोका टळला, असे लोक समजतात. नेमके उलटे आहे. त्या लाल निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघत राहतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातला जो घटक प्राणवायू वाहून नेतो, त्याला हा वायू प्राणवायूपेक्षा दोनशेपटींहून अधिक जोराने चिकटतो. आधी डोके दुखते, मग मळमळते, गुंगी येते, आणि झोपलेला माणूस जागाच होत नाही. हंगामात कारखान्यातली पोरे मूर्तींच्या राखणीला तिथेच झोपतात, बाहेर पाऊस म्हणून दार ओढून घेतात. हे होऊ देऊ नका. पेटती शेगडी असलेल्या खोलीत कुणीही झोपायचे नाही. एकाच खोलीतल्या दोघा-तिघांचे डोके एकदम दुखू लागले, तर ती सर्दी समजू नका. सर्वांना आधी मोकळ्या हवेत आणा आणि दवाखाना गाठा. वीज गेल्यावर लावतात त्या जनित्राचीही हीच गोष्ट. ते पडवीतसुद्धा नको, दारा-खिडक्यांपासून दूर उघड्यावर हवे.

रॉकेलची किंवा गॅसची शेगडी? तिचा तर वेगळाच विनोद आहे. एक किलो गॅस जळला की सुमारे दीड किलो पाणी वाफेच्या रूपाने हवेत येते. खोली कोरडी करायला बसवलेले साधन खोलीत पाणी ओतते! शिवाय हवा कमी पडली, तर मघाचा तो विषारी वायू इथेही आहेच.

राहिली वीज. लाल रॉडचा हीटर आणि हॅलोजनचा दिवा समोर असेल तेवढेच तापवतात. मूर्तीची एक बाजू सुकते, आकसते, दुसरी ओलीच राहते. मग गळ्याशी किंवा सोंडेच्या मुळाशी भेग पडते. वापरायचाच तर तीन-चार हात लांब ठेवावा आणि मूर्तीचा पाट मधूनमधून फिरवावा. गरम हवा फेकणारा ब्लोअर खोलीभर ऊब पसरवतो आणि स्वस्तही मिळतो, पण मातीची धूळ त्याच्या जाळीत बसते. ती दर आठवड्याला झाडावी लागते. तेल भरलेला हीटर महाग आणि तापायला सावकाश, परंतु त्यात लाल होणारी तार उघडी नसते. ज्याच्या कारखान्यात माती आणि थिनरचा रंग एकाच खोलीत चालतो, त्याने पैसे थोडे जास्त मोजून हाच घ्यावा, असे माझे मत आहे. थिनरची वाफ, पेंढा, कागद आणि तापलेली तार ही संगत वाईट. रंगाचा फवारा सुरू करण्याआधी मात्र कोणताही हीटर बंद, आणि बाहेर हवा फेकणारा पंखा सुरू.

दोन हजार वॉटचा हीटर जवळजवळ नऊ अँपिअर वीज ओढतो. त्याला सोळा अँपिअरचे सॉकेट, जाड तार आणि अर्थिंग हवे. दिव्याच्या वायरीला जोड देऊन चालवू नये. जमीन ओली असते, हात मातीने भरलेले असतात, म्हणून गळती होताच वीज तोडणारे तीस मिलिअँपिअरचे साधन वायरमनकडून बसवून घ्यावे. आणि बोर्ड उंचावर घ्या. २६ जुलै २००५ चे पाणी कल्याण-बदलापूरकडे कुठवर चढले होते, ते तिथल्या जुन्या माणसांना विचारा.

ऊब कधी द्यावी, यालाही महत्त्व आहे. साच्यातून काढल्यावर पहिले काही दिवस नुसती हलती हवा द्यावी. कान, बोटे, सोंडेचे टोक अशा बारीक भागांवर ओलसर फडके ठेवावे, म्हणजे ते पोटाच्या आधी सुकून तडकणार नाहीत. माती कडक झाली की मग हळूहळू ऊब. उघडीप मिळाली तरी ओली मूर्ती एकदम उन्हात नेऊ नये.

शिक्षक बंधु-भगिनींनी शाळेत एक गंमत करून पाहावी. दोन सारखे तापमापक शेजारी टांगा. एकाच्या फुग्याला ओल्या चिंधीचा बोळा गुंडाळा आणि दोघांवर वारा घाला. दोन्ही आकडे जवळजवळ सारखे राहिले, तर हवा पाण्याने भरलेली आहे; ओल्या चिंधीचा आकडा चांगला खाली उतरला, तर हवा कोरडी आहे. हीटर लावण्यापूर्वी व नंतर, खिडकी बंद ठेवून व उघडून, मुलांना हे आकडे वहीत मांडू द्या. आणि मूर्ती वाळली की नाही, हे बोटाने चाचपून ठरवू नका. वरची कातडी कोरडी आणि पोटात ओल असते, मग त्यावरचा रंग फुगतो, बुरशी धरतो. वाण्याच्या काट्यावर एक मूर्ती रोज त्याच वेळी तोलायची. वजन उतरते आहे तोवर पाणी आहे. दोन-तीन दिवस काटा जागचा हलला नाही, की कुंचला हाती घ्यायला हरकत नाही.