विजेची शेवटची पायरी

(नभोवाणीवरील भाषण)

सोलापूर म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें चादरी येतात, सिद्धरामेश्वरांची यात्रा येते, शेंगांची चटणी येते. परंतु विजेच्या इतिहासांतहि आपल्या गांवाचें नांव लिहिलें गेलें आहे, हें फार थोड्यांना ठाऊक असेल. ३१ डिसेंबर २०१३ रोजीं रायचूर-सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी सुरू झाली आणि दक्षिण भारताचें वीजजाळें उरलेल्या देशाच्या जाळ्याशीं एका तालांत जोडलें गेलें. ७६५ किलोव्होल्ट म्हणजे सात लक्ष पासष्ट हजार व्होल्ट! एवढ्या दाबाची वीज कोणी घरांत घेत नाहीं. ती पायरी-पायरीनें खालीं उतरविली जाते. गल्लीच्या तोंडाशीं असलेल्या डी. पी. वर ती अकरा हजारांवरून उतरते आणि आपल्या भिंतीवरील बटनापाशीं २३० व्होल्टांची होऊन येते. येथवरच्या प्रत्येक पायरीवर इंजिनियर आहेत, वायरमन आहेत, कुंपणें आहेत, धोक्याच्या पाट्या आहेत.

मोबाईलला मात्र हे २३० व्होल्टहि सोसत नाहींत. त्याचें काम बहुधा पांच-नऊ व्होल्टांत भागतें. ही शेवटची पायरी काडेपेटीएवढ्या एका डबींत असते व तिला आपण चार्जर म्हणतों. या पायरीवर कोणी इंजिनियर उभा नसतो. ती आपली आपणच बाजारांतून निवडून आणतों. ती कशी निवडूं नये, हें मी प्रथम स्वानुभवावरून सांगतों.

गेल्या उन्हाळ्यांत माझ्या नातवाचा चार्जर हरवला. नवा आणावयास मीच गेलों. दुकानदारानें दोन दाखविले. एक सातशें रुपयांचा, दुसरा ऐंशीं रुपयांचा. रूप सारखें, टोंक सारखें. दोहोंवर बारीक अक्षरांत कांहीं छापलें होतें, पण चष्मा मीं घरीं विसरलों होतों. "गुरुजी, आंत वीजच असते, सोनें नसतें," असें तो म्हणाला व मला तें पटलें. छत्तीस वर्षें मुलांना विजेचा धडा शिकविणारा हा मास्तर सहाशें वीस रुपये वांचविल्याच्या आनंदांत घरीं परतला.

तिसऱ्या रात्रीं प्लॅस्टिक जळाल्याच्या वासानें मला जाग आली. नातू गाढ झोपला होता. चार्जर अंथरुणाच्या कडेला एक्स्टेन्शन बोर्डावर होता आणि त्यावर चादरीचा पदर पडला होता. मीं धांवत जाऊन भिंतीवरचें बटन बंद केलें. चार्जर वितळला होता व चादरीला तळहाताएवढें भोक पडलें होतें. तें भोक मुलाच्या पायापासून चार बोटें दूर होतें. ती चादर मीं टाकली नाहीं. घडी करून ट्रंकेंत ठेविली आहे.

दुसऱ्या दिवशीं ओळखीच्या एका कारागिरानें तो चार्जर उघडून दाखविला, तेव्हां माझ्या अज्ञानाची मला लाज वाटली. चार्जरच्या पोटांत दोन खोल्या असतात असें समजा. एका खोलींत घरची २३० व्होल्टांची वीज येते. तेथें ती प्रथम एकदिश होते, मग सेकंदाला हजारों वेळां तोडली-जोडली जाते. दुसऱ्या खोलींत मोबाईलला सोसेल अशी सौम्य वीज तयार होते. या दोन खोल्यांमध्यें तारेचा संबंध नसतो. चिमुकल्या ट्रान्सफॉर्मरमधून केवळ चुंबकशक्तीच्या द्वारें वीज पलीकडे पोंचते. म्हणजे मधें एक भिंत असते. चांगला कारखानदार या भिंतीसाठीं कांहीं मिलिमीटरांचें अंतर राखतो, तारांवर भक्कम आवरण घालतो, फ्यूज बसवितो. माझ्या चार्जरमध्यें फ्यूज नव्हताच आणि भिंत नांवापुरती होती. ती भिंत ढांसळली तर २३० व्होल्ट थेट मोबाईलच्या वायरींत, आणि तेथून हातांत येतात. चांगल्या चार्जरच्या किंमतींत या न दिसणाऱ्या भिंतीचें मोल असतें.

तथापि केवळ किंमत पाहूनहि भागत नाहीं. नकली माल महागहि विकला जातो. म्हणून छापलेलें वाचावें. भारतीय मानक ब्युरोकडे चार्जरची नोंदणी करणें आपल्या देशांत सक्तीचें आहे. ब्युरोच्या चिन्हाखालीं 'आर' हें अक्षर व पुढें आठ आंकड्यांचा क्रमांक असतो. 'बी. आय. एस. केअर' नांवाच्या मोबाईलवरील ॲपमध्यें तो क्रमांक घातला म्हणजे तो कोणाचा आहे, हें कळतें. क्रमांक नसेल, किंवा भलत्याच मालाचा निघाला, तर तो चार्जर दुकानांतच राहूं द्यावा.

त्यानंतर 'आउटपुट' या शब्दापुढील दोन आंकडे पाहावे. पहिला व्होल्टांचा, तो उपकरणावर लिहिलेल्या आंकड्याशीं तंतोतंत जुळला पाहिजे. टी. व्ही. च्या सेट-टॉप बॉक्सचा १२ व्होल्टांचा अडॅप्टर ५ व्होल्टांच्या उपकरणाला लावला, तर टोंक बसेल, पण उपकरण उठेल! गोल टोंकाच्या अडॅप्टरवर अधिक-उणें चिन्हांची आकृतीहि असते. तीहि जुळली पाहिजे. दुसरा आंकडा अँपियरचा. तो उपकरणाच्या गरजेइतका किंवा अधिक असावा. अधिक असल्यास भय नाहीं. ताटांत दहा कडक भाकरी वाढल्या म्हणून दोन भाकरींची भूक असलेला मनुष्य दहा खात नाहीं. उपकरणहि लागेल तेवढाच प्रवाह घेतें. मात्र अँपियर कमी पडले, तर चार्जर आपल्या शक्तीबाहेर राबतो व तापतो. व्होल्ट आणि अँपियर यांचा गुणाकार म्हणजे वॉट. ५ व्होल्ट व २ अँपियर म्हणजे १० वॉट.

हल्लींच्या 'टाइप-सी' टोंकानें हा हिशेब बराच सोपा केला आहे. युरोपीय संघानें २८ डिसेंबर २०२४ पासून नव्या मोबाईलना हेंच टोंक सक्तीचें केलें. यांत चार्जर आरंभीं पांचच व्होल्ट देतो; उपकरणानें मागितले तरच नऊ, पंधरा किंवा वीस देतो. म्हणून लॅपटॉपचा चांगला चार्जर मोबाईलला लावण्यास हरकत नसते. मात्र साठ वॉटांहून अधिक शक्ति न्यावयाची असेल, तर वायरहि तशीच घ्यावी लागते.

आतां वापराविषयीं थोडें. चार्जर तापणारच, त्याला हवा लागूं द्यावी. उशीखालीं, गादीवर, कपड्यांच्या ढिगांत मोबाईल वा चार्जर ठेवूं नये. आपल्या गांवांत तर घरोघर सूत आणि चादरी. ठिणगीला निमित्त पुरतें. ओल्या हातानें चार्जरला स्पर्श करूं नये. तीन पिनांच्या प्लगची जाड पिन म्हणजे अर्थिंग. ती कापूं नये. वळवाचा पाऊस गडगडूं लागला कीं चार्जर काढून ठेवावा. वायर सोलली, वास आला, गुणगुण ऐकूं आली, तर दुरुस्तीच्या फंदांत न पडतां नवा घ्यावा. मोबाईलची बॅटरी फुगली असेल, तर ती टोंचूं नये, दाबूं नये, केरांतहि टाकूं नये. ई-कचरा घेणाऱ्याकडे द्यावी.

श्रोतेहो, सात लक्ष व्होल्टांपासून २३० पर्यंतच्या साऱ्या पायऱ्या दुसऱ्या कोणी आपल्यासाठीं सांभाळल्या आहेत. शेवटची तेवढी आपल्याकडे आहे. तेव्हां चार्जर घ्यावयास जाल, तेव्हां पैशाच्या पिशवीबरोबर चष्माहि न्या, एवढीच या म्हाताऱ्या मास्तराची विनंती.