हरणारा संघ सुधारतो आहे का?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

बास्केटबॉल हा खेळ कुणी शोधून काढला हे नेमकं सांगता येतं. फार थोड्या खेळांच्या बाबतीत तसं सांगता येतं. १८९१ च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड गावी जेम्स नेस्मिथ नावाच्या शिक्षकांनी, हिवाळ्यात मुलांना छपराखाली खेळता यावं म्हणून, व्यायामशाळेच्या सज्जाला पीच या फळाच्या दोन टोपल्या ठोकल्या आणि तेरा नियम लिहून काढले. पुढे हेच नेस्मिथ कॅन्सास विद्यापीठाच्या संघाचे पहिले प्रशिक्षक झाले. त्यांच्या कारकिर्दीत संघाने ५५ सामने जिंकले आणि ६० हरले. कॅन्सास हा अमेरिकेतल्या बलाढ्य संघांपैकी एक मानला जातो. त्या संघाच्या इतिहासात आजवर जिंकल्यापेक्षा अधिक सामने हरलेला प्रशिक्षक एकच आहे, आणि तो म्हणजे या खेळाचा जनक!

तेव्हा हरणं या खेळात पहिल्यापासून आहे. प्रश्न आहे तो हरणाऱ्या संघाकडे बघावं कसं, याचा. अमेरिकेत कॉलेजच्या बास्केटबॉलला मोठा प्रेक्षकवर्ग आहे. नोव्हेंबरात हंगाम सुरू होतो आणि मार्चमध्ये ६८ संघांची राष्ट्रीय स्पर्धा भरते. पहिल्या श्रेणीचे संघ साडेतीनशेहून अधिक, त्यामुळे बहुतेकांना या स्पर्धेचं बोलावणं येतच नाही. अशा संघांच्या चाहत्यांमध्ये वर्षानुवर्षं एकच वाद चालतो: आपला संघ सुधारतो आहे की नाही?

माझा भाचा शिकागोला नोकरी करतो. तिथून जवळच इव्हान्स्टन गावी नॉर्थवेस्टर्न विद्यापीठ आहे. त्याच्यामुळे मीही या संघाच्या नादी लागलो. भाचा फोनवर म्हणणार, "मामू, यंदा फरक दिसतोय बघा." आणि त्याचा मित्र, जो त्याच विद्यापीठातून शिकून बाहेर पडला, तो मागून ओरडणार, "मामू, ऐकू नका त्याचं! दर वर्षी हेच म्हणतो." दोघेही एकच सामना बघून आलेले असतात.

या संघाची कहाणी विलक्षण आहे. ही राष्ट्रीय स्पर्धा १९३९ साली सुरू झाली आणि तिचा पहिला अंतिम सामना नॉर्थवेस्टर्नच्याच व्यायामशाळेत झाला. पण यजमानांना त्या स्पर्धेत स्वतः खेळण्याचा मान मिळाला तो २०१७ साली, तब्बल ७८ वर्षांनी. क्रिस कॉलिन्स हे प्रशिक्षक २०१३ मध्ये आले होते. त्यांच्या चौथ्या हंगामात संघाने २४ सामने जिंकले आणि स्पर्धेतल्या पहिल्याच सामन्यात व्हँडरबिल्ट विद्यापीठाला ६८-६६ असं हरवलं. लोकांना वाटलं, झालं, आता गाडी रुळावर आली.

पण पुढच्या पाच हंगामांचा हिशेब असा: १५ विजय १७ पराभव, १३ विजय १९ पराभव, ८ आणि २३, ९ आणि १५, १५ आणि १६. ओळीने पाच वर्षं जिंकल्यापेक्षा हार अधिक. २०२२ च्या मार्चमध्ये चाहत्यांत उभे दोन तट पडले होते. एक तट म्हणे, प्रशिक्षक बदला, पाच वर्षं पुष्कळ झाली. दुसरा म्हणे, यंदाचे बरेचसे पराभव थोडक्यात झालेत, मुलं तयार होताहेत, थांबा. त्यातच संघातले दोन उंच, कसलेले खेळाडू नावाजलेल्या विद्यापीठांकडे निघून गेले. नव्या हंगामाआधी क्रीडापत्रकारांनी अंदाज वर्तवला, तेव्हा बिग टेन या त्यांच्या गटातल्या १४ संघांत नॉर्थवेस्टर्नला तेरावी जागा दिली.

प्रत्यक्षात २०२२-२३ च्या हंगामात हा संघ बरोबरीने दुसरा आला. २२ सामने जिंकला. १२ फेब्रुवारी २०२३ रोजी त्याने देशात पहिल्या क्रमांकावर असलेल्या पर्ड्यू विद्यापीठाला ६४-५८ असं हरवलं. पहिल्या क्रमांकाच्या संघाला हरवण्याची त्यांच्या इतिहासातली ती पहिलीच वेळ. मार्चमध्ये राष्ट्रीय स्पर्धेचं बोलावणं आलं, आणि २०२४ मध्येही आलं.

मग २०२२ साली हा संघ सुधारत होता का? होता, तर ते तेव्हाच ओळखता आलं असतं का?

या खेळाचा आकडेशास्त्राच्या अंगाने अभ्यास करणारे म्हणतात, काही अंशी आलं असतं. त्यांचं पहिलं सांगणं असं की, किती सामने जिंकले यापेक्षा किती गुणांनी जिंकले आणि किती गुणांनी हरले, यावरून पुढचा अंदाज अधिक चांगला बांधता येतो. दोन गुणांनी हरलेला सामना आणि तीस गुणांनी हरलेला सामना तक्त्यात सारखेच दिसतात, पण त्यांचा अर्थ वेगळा असतो. थोडक्यात सुटणाऱ्या सामन्यांत नशिबाचा वाटा मोठा असतो, आणि नशीब सहसा वर्षानुवर्षं एकाच बाजूला बसून राहत नाही. केन पोमेरॉय नावाचे गृहस्थ, जे व्यवसायाने हवामानतज्ज्ञ होते, ते सगळ्या कॉलेज संघांचा एक तक्ता तयार करतात. त्यात प्रतिस्पर्धी किती ताकदीचा होता हे धरून प्रत्येक संघाचा दर्जा काढलेला असतो, आणि 'नशीब' नावाचा एक स्वतंत्र रकानाही असतो!

दुसरं नाव डीन ऑलिव्हर यांचं. २००४ साली त्यांचं या विषयावरचं पुस्तक आलं. चेंडू आपल्या हाती आला की ती एक संधी. सामन्यात दोन्ही संघांना जवळजवळ सारख्याच संधी मिळतात. तेव्हा शंभर संधींमागे आपण किती गुण करतो आणि किती देतो, हे बघा, असं ते म्हणतात. आणि त्यासाठी चार गोष्टी तपासा: नेम किती लागतो, चेंडू हातचा किती वेळा जातो, हुकलेला चेंडू पुन्हा किती वेळा मिळवता येतो, आणि फ्री थ्रो किती मिळून किती साधतात.

मला यातली दुसरी गोष्ट फार ओळखीची वाटली. गझल लिहिणारा नवशिका आपले शेर उस्तादांना दाखवतो आणि उस्ताद त्यावर इस्लाह करतात, म्हणजे दुरुस्ती सुचवतात. शागिर्दाचं लक्ष वाहवाकडे असतं. ती मिळाली नाही की तो म्हणतो, माझी काहीच प्रगती नाही. उस्तादांची नजर दुसरीकडे असते. मागच्या गझलेत वृत्त पाच ठिकाणी मोडलं होतं, या वेळी दोनच ठिकाणी मोडलं. शेर अजून बेतास बातच आहे, पण हातून काही सांडणं कमी झालं आहे. चांगला शेर येतो तो नंतर, आणि कधी येईल हे उस्तादही सांगू शकत नाहीत.

इथवर ऐकून तुम्ही म्हणाल, म्हणजे धीर धरणाऱ्यांचंच खरं. पण दुसऱ्या तटाची बाजूही भक्कम आहे. थोडक्यात हरण्याला तिकडे जे नाव आहे, त्याला आपण 'नैतिक विजय' म्हणतो. हा शब्द आपल्याला निवडणुकीच्या निकालानंतर हटकून भेटतो, आणि तो कोण वापरतो हेही आपल्याला ठाऊक आहे. याच नॉर्थवेस्टर्नमध्ये आधीचे प्रशिक्षक बिल कार्मडी १३ वर्षं होते. त्यांनी संघाला खरोखर वर आणलं. २००९ ते २०१२ अशी ओळीने चार वर्षं संघ दुय्यम राष्ट्रीय स्पर्धेत खेळला. पण मुख्य स्पर्धेचं दार काही उघडलं नाही, आणि २०१३ मध्ये त्यांना जावं लागलं. ते दार उघडलं ते माणूस बदलल्यानंतर चार वर्षांनी. सुधारणा एका टप्प्यावर येऊन थांबते, हे म्हणणारेही तेव्हा चुकले नव्हते.

म्हणजे दोन्ही बाजूंना पुरावा मिळतो. मिळतो, कारण बहुतेक चाहते मोजपट्टी निकालानंतर निवडतात. संघ जिंकला की म्हणायचं, विजय महत्त्वाचा. हरला की म्हणायचं, फरक बघा किती कमी! चिडलेला माणूस याच्या उलट करतो. भाच्याला आणि त्याच्या मित्राला मी एकच सांगितलं: नोव्हेंबरात, पहिल्या सामन्याआधी, दोघांनी कागदावर लिहून ठेवा. मार्चमध्ये काय दिसलं तर सुधारणा झाली असं मानाल, आणि काय दिसलं तर नाही असं मानाल. मग वाद घाला.

ही गोष्ट नुसत्या खेळापुरती नाही. आपल्याकडे दहावीचा निकाल लागला की शाळेबाहेर टक्केवारीचा फलक लागतो. गणितात पंधरा गुणांनी नापास होणारी मुलं यंदा तीन गुणांनी नापास झाली, तर त्या फलकावर काहीच हलत नाही. त्या मुलांवर वर्षभर राबलेल्या शिक्षकाला मात्र त्याच फलकावरून बोल लावला जातो. तो शिक्षक खरोखर राबला की नाही, हे त्या तीन गुणांत शोधावं लागतं.

शेवटी एका वेगळ्या संघाबद्दल सांगतो. कॅलिफोर्नियातली कॅलटेक ही विज्ञानाची जगद्विख्यात संस्था. नोबेलविजेत्यांची तिथे वाण नाही. डीन ऑलिव्हर तिथलेच विद्यार्थी. खेळासाठी तिथे ना शिष्यवृत्ती, ना प्रवेशात सवलत. १९८५ साली त्यांच्या बास्केटबॉल संघाने आपल्या गटातला एक सामना जिंकला आणि त्यानंतर गटातले ओळीने ३१० सामने तो हरला. २२ फेब्रुवारी २०११ रोजी ऑक्सिडेंटल कॉलेजला त्यांनी ४६-४५ असं हरवलं. शेवटच्या क्षणांतल्या एका फ्री थ्रोने निकाल लागला. त्या संघातली मुलं १९८५ मध्ये जन्मलीही नव्हती.

या २६ वर्षांत किती तुकड्या आल्या आणि पदवी घेऊन गेल्या. कॉलेजच्या खेळाडूच्या वाट्याला साधारण चारच हंगाम येतात. आधी हा संघ फार मोठ्या फरकाने हरायचा, मग तो फरक हळूहळू कमी होत गेला. ज्यांनी तो कमी केला, त्यांपैकी बहुतेकांना गटातला एकही विजय बघायला मिळाला नाही. त्यांच्या नावापुढे नुसते पराभव आहेत. त्यांनी संघ सुधारला हे सांगू शकतात ते फक्त तेव्हा बाकावर बसून सामने पाहणारे, आणि तेही फरक मोजत बसले असतील तर. म्हणून सुधारतो आहे की नाही, हा वाद मला फुकटचा वाटत नाही. तो नीट घातला, तर निदान त्या मुलांच्या कष्टांची नोंद कुणाच्या तरी लक्षात राहते.