आभार कुणाचे मानायचे?

(आकाशवाणीवरील भाषण)



कोविडच्या दिवसांत एक सल्ला तुम्हीही ऐकला असेल. एक वही घ्या, रोज रात्री झोपण्यापूर्वी तीन चांगल्या गोष्टी लिहा, मन हलकं होईल. रविवारच्या पुरवण्यांत हा सल्ला होता, व्हॉट्सॲपवर तर दिवसातून दोनदा येत होता. सल्ला काही अगदी पोकळ नाही. रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅक्कलो या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००३ मध्ये यावर एक अभ्यास प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांना त्यांनी दर आठवड्याला, ज्यांबद्दल आभार वाटतात अशा गोष्टी लिहायला सांगितल्या आणि काहींना कटकटीच्या. आभार लिहिणारे अधिक समाधानी निघाले, त्यांची दुखणीखुपणीही कमी भरली.

तेव्हा वही जरूर लिहावी. माझं म्हणणं आहे ते वहीत काय उतरतं त्याबद्दल. ओळखीच्या काही मंडळींनी आपापल्या याद्या मला कौतुकाने वाचून दाखवल्या. डोक्यावर छप्पर आहे. फ्रिजमध्ये भाजी आहे. पेन्शन वेळेवर जमा होतं. मुलगा घरात बसून काम करतो. ऐकताना मला वाटलं, ही तर मालमत्तेची नोंद झाली, तलाठ्याकडे द्यावी तशी. काय काय आहे ते सगळं आलं. ते आपल्यापर्यंत कुणी पोचवलं, त्याचं नाव मात्र एकाही ओळीत नाही.

मी भिवंडीत राहतो. इथे हे नाव विसरणं जरा अवघड जातं. सहा लाखांच्या आसपास यंत्रमाग आहेत असं सांगतात, आमच्या बोलीत सांचे. गल्लीगल्लीत, घराच्या तळमजल्यावर, पत्र्याच्या शेडमध्ये. दोन पाळ्यांत बारा-बारा तास चालतात, म्हणजे रात्रीही थांबत नाहीत. पाहुणा आला की पहिल्या रात्री त्याला झोप लागत नाही, आम्हाला त्या खडखडाटाशिवाय लागत नाही.

मार्च २०२० च्या शेवटच्या आठवड्यात कोविडच्या टाळेबंदीने हा आवाज बंद झाला. त्या दिवसांत मुंबईतल्या लोकांनी फार सुंदर लिहिलं. हवा स्वच्छ झाली, गच्चीवरून डोंगर दिसले, भरदुपारी कोकीळ ऐकू आली. कोकीळ आमच्याकडेही ओरडत होती. पण भिवंडीत सांचा थांबला म्हणजे मजुरी थांबली. इथला कारागीर पगारावर नसतो. किती मीटर कापड उतरलं त्यावर त्याची मजुरी ठरते. माग बंद तर मीटर शून्य. त्या शांततेचं कौतुक करायला आमच्या गावात फारसं कुणी धजावलं नाही.

आणखी एक गोष्ट बाहेरच्यांना माहीत नसते. कारागिराची खोली पाळीच्या हिशेबाने भरलेली असते. दिवसपाळीवाला कामावर गेला की रातपाळीवाला त्याच जागेवर पथारी टाकतो. एका खोलीत दहा-बारा जण राहू शकतात ते निम्मे नेहमी बाहेर असतात म्हणून. आता कारखाना बंद, बाहेर पडायला बंदी, आणि सगळे एकदम आत. वर रेडिओ, टीव्ही, मोबाइलची कॉलर ट्यून सगळीकडून एकच सांगणं, एकमेकांपासून सहा फूट दूर राहा.

जेवणाची कथा तशीच. इथले एकटे राहणारे कारागीर भिशीत जेवतात. भिशी म्हणजे पैशांची नव्हे, खाणावळ. महिन्याचे पैसे ठरलेले, दोन वेळचं जेवण. पुष्कळ भिशा पद्मशाली समाजातल्या तेलुगू बायका चालवतात. त्यांची घरं कधीकाळी तेलंगणातून विणकामासाठीच इथे आली. भिशीवालीही किराणा उधारीवर आणते. कारागिराला मजुरी मिळाली की तो तिला देतो, ती दुकानदाराला देते. मजुरी थांबताच ही साखळी तुटली आणि बऱ्याच भिशा बंद पडल्या. आमच्याजवळच्या एका बाईंनी मात्र चूल विझवली नाही. पोळी-भाजी परवडेना तेव्हा नुसता भात आणि पातळ आमटी, पण दोन्ही वेळा. मी नंतर एकदा त्यांना म्हटलं, तुम्ही मोठंच काम केलंत. त्या म्हणाल्या, "काम कसलं, मास्तर? ही पोरं गावाला गेली तर परत आल्यावर माझ्याकडेच जेवायला यायला पाहिजेत ना?" व्यवहार आणि माया यांच्यात त्यांना काही फरक दिसत नव्हता. मला तो पाडायची गरज वाटली नाही.

शेवटी पोरं गावाला गेलीच. २ मे २०२० च्या रात्री भिवंडी रोड स्थानकातून गोरखपूरला श्रमिक विशेष गाडी सुटली, हजाराहून अधिक कारागीर घेऊन. दिवा-वसई मार्गावरचं हे स्थानक एरवी इतकं सामसूम की भिवंडीतल्याच कित्येकांनी ते पाहिलेलं नाही. त्या रात्री ते देशाच्या बातम्यांत आलं. तिकिटाचे पैसे पुष्कळांनी खिशातून भरले होते, कुणी मोबाइल विकून. ज्यांना गाडी मिळाली नाही ते मुंबई-नाशिक महामार्गाने निघाले, पडघा, शहापूर, कसारा घाट, डोक्यावर बोचकं आणि कडेवर पोर. पुढे एसटीने अशा लोकांना राज्याच्या सीमेपर्यंत फुकट पोचवलं. त्या गाड्यांचे चालक-वाहकही कुणाच्या वहीत फारसे आले नसतील.

मुंबई-नाशिक महामार्ग म्हणजे तोच जुना आग्रा रोड. १८५७ च्या उठावानंतर उत्तरेत जी धरपकड आणि वाताहत झाली, तिच्यातून वाट काढत मोमीन विणकरांची घराणी मालेगावला आणि भिवंडीला आली. त्यातली कितीतरी माणसं याच वाटेने पायी आली असं घराघरांत सांगतात. गावाने त्यांना जागा दिली, त्यांनी गावाला धंदा दिला. पुढे १९८२ च्या संपात मुंबईच्या गिरण्या बसल्या तेव्हा कापडाचं काम इकडे वळलं आणि भिवंडी फुगली. आज जे मागांचे मालक आहेत त्यांतल्या कित्येकांचे पूर्वज ज्या वाटेने आले, त्याच वाटेने त्यांचे कारागीर उलटे चालत गेले. गावकऱ्यांनी रस्त्याच्या कडेला पाण्याचे पिंप ठेवले, खिचडी वाटली. चांगलंच केलं. तरी मला वाटतं, चालत जाणाऱ्याला खिचडी देणं ही आपली उदारता नव्हती. त्याने विणलेलं कापड आपल्या अंगावर होतं.

२०२० च्या जूनमध्ये कोविड भिवंडीत खरा शिरला. इंदिरा गांधी स्मृती रुग्णालय कोविडसाठी राखून ठेवलं होतं, पण लोक तिकडे जायला घाबरत. गेलेला परत येत नाही, ही कुजबुज आजाराच्याही पुढे धावत होती. तेव्हा शांतीनगरातल्या मक्का मशिदीत जमाते इस्लामी हिंद आणि तिथल्या कार्यकर्त्यांनी ऑक्सिजनची सोय केली. पाच खाटा, मोफत, कुणीही यावं. घरी सिलिंडर पोचवण्याचीही व्यवस्था होती. त्याच महिन्यात डॉ. पंकज आशिया महापालिकेचे आयुक्त म्हणून आले. स्वतः डॉक्टर. त्यांनी खासगी डॉक्टरांना पुन्हा दवाखाने उघडायला लावलं आणि मौलवींना सोबत घेतलं. सरकारी जीपच्या भोंग्यावर ज्यांचा विश्वास बसत नव्हता, त्यांचा मशिदीच्या भोंग्यावर बसला. लोक वेळेवर तपासायला येऊ लागले.

हे आपोआप झालं असं समजू नका. १९७० आणि १९८४ च्या दंगलींनी हे गाव होरपळलेलं आहे. त्यानंतर १९८८ पासून इथले पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. दोन्ही समाजांची साधी माणसं, रिक्षावाला, सांचेवाला, शिक्षक, पानवाला, दर काही दिवसांनी एका सतरंजीवर पोलिसांसोबत बसू लागली. डिसेंबर १९९२ मध्ये आणि पुढच्या जानेवारीत मुंबई जळत होती तेव्हा भिवंडी शांत राहिली. दंगल न होणं ही बातमी नसते, म्हणून तिचे आभारही कुणी मानत नाही. पण एकमेकांच्या दारात जाण्याची जी सवय तेव्हा लागली, ती २०२० मध्ये उपयोगी पडली असं माझं मत आहे. ज्यांच्या यादीत नावं लिहायला जागा उरली असेल, त्यांनी त्या समित्यांमधल्या माणसांचीही लिहावीत. बरेच जण आता हयात नाहीत.

इथे जरा थांबायला हवं. कृतज्ञ राहा, हे प्रत्येकाला सांगता येत नाही. २१ सप्टेंबर २०२० च्या पहाटे धामणकर नाक्याजवळ पटेल कंपाउंडमधली जिलानी इमारत कोसळली. माणसं झोपेत होती. तीसहून अधिक जीव गेले, त्यात लहान मुलं होती. महामारी ऐन भरात असताना शेजारची पोरं सगळ्यांच्या आधी धावली, मास्क गळ्यात, हातांनी दगडविटा उपसत होती. नंतर अग्निशमन दल आलं, एनडीआरएफ आलं, काहींना जिवंत बाहेर काढलं. ज्यांचं अख्खं घर त्या ढिगाऱ्यात गेलं त्यांच्यापुढे वही ठेवून चांगल्या तीन गोष्टी लिहा म्हणणारा माणूस मला शहाणा वाटत नाही. त्यांना रागवायचा हक्क आहे. आभार मानायचे असलेच तर ते आपण मानायचे, ढिगारा उपसणाऱ्या पोरांचे. आणि धोकादायक इमारतींच्या पावसाळी यादीचं पुढे काय होतं, हेही विचारायचं.

आभार आणि विचारणा यांची आपण उगाच फारकत केली आहे. २२ मार्च २०२० ला संध्याकाळी पाच वाजता आपण गॅलरीत उभं राहून आरोग्यसेवकांसाठी थाळ्या वाजवल्या. वाईट काहीच नव्हतं त्यात, मीही वाजवली. पण ज्यांच्यासाठी वाजवली त्यांच्या थाळीत काय पडतं? आशाताई घ्या. 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत त्या ऑक्सिमीटर आणि तापमापक घेऊन घरोघरी फिरल्या. काही सोसायट्यांनी त्यांना फाटकाबाहेर उभं ठेवलं. २०२१ मध्ये १५ जूनपासून राज्यातल्या जवळपास सत्तर हजार आशा संपावर होत्या. मागणी काय, तर कोविडच्या कामाचे नीट पैसे द्या. आठवडाभराने महिन्याला १,५०० रुपयांची वाढ कबूल झाली. म्हणजे दिवसाला पन्नास रुपये. संपाची बातमी वाचून "या काळात संप?" असं म्हणणारे लोक थाळी वाजवणाऱ्यांतलेच होते.

भिवंडीभोवतीच्या गोदामांतही हेच आहे; त्यांबद्दल मी फार बोलत नाही, तो वेगळ्या भाषणाचा विषय आहे. माणकोली, पूर्णा, राहनाळ, काल्हेर, वळ, जिथे पूर्वी भातशेती होती तिथे आता गोदामं आहेत. मुंबई-ठाण्यात तुमच्या दारात पडलेली पुष्कळ पार्सलं त्या गोदामांतल्या पोरांच्या हातांतून गेलेली आहेत. पार्सलावर तुमचं नाव असतं, त्यांचं नसतं.

आपल्याकडे खंडेनवमीला हत्यारांची पूजा होते, पोळ्याला बैलाला पुरणपोळी मिळते. कृतज्ञता आपल्याला कुणी नव्याने शिकवायला नको. भिवंडीतही सांचा धुऊन पुसून त्याला झेंडूचा हार घालतात, कुंकू लावतात. तो सांचा चालवणारा माणूस शेजारी उभा असतो, त्याला त्या दिवशी पेढा मिळतो. मालक चांगला असेल तर बोनसही. पण त्याचं नाव मतदारयादीत नसतं, रेशनच्या यादीत नसतं, आणि भाड्याच्या पावतीवर तर नाहीच, कारण पावतीच नसते. पहिल्या टाळेबंदीत सरकारने माणशी पाच किलो धान्य मोफत जाहीर केलं, तेव्हा याचं कार्ड गोरखपूरला किंवा दरभंग्याला आणि हा इथे उपाशी.

ही अडचण आता सुटण्यासारखी आहे, आणि म्हणूनच मी आज हे सगळं बोललो. 'एक देश, एक रेशनकार्ड' ही योजना महाराष्ट्र, उत्तर प्रदेश, बिहार या तिन्ही राज्यांत लागू आहे. ज्या राज्यांनी ती तोवर सुरू केलेली नव्हती त्यांनी ३१ जुलै २०२१ पर्यंत करावी, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २९ जून २०२१ ला दिला होता. कारागिराचं नाव अन्नसुरक्षा योजनेतल्या कार्डावर असेल आणि ते आधारशी जोडलेलं असेल, तर इथल्या रेशन दुकानातल्या मशीनवर अंगठा ठेवून त्याला आपल्या वाट्याचं धान्य घेता येतं. उरलेलं धान्य गावाकडचं कुटुंब तिथे घेऊ शकतं. मोफत धान्याची योजना २०२१ मध्ये नोव्हेंबरपर्यंत वाढवली होती.

पण दुकानात एकट्या परप्रांतीय माणसाला "तुझं कार्ड इथलं नाही" एवढं सांगून परत पाठवणं सोपं असतं. भिवंडीतले सांचे पुन्हा चालू झाले आहेत, गेलेले कारागीर बरेचसे परतले आहेत. तुमच्या गल्लीत, तुमच्या इमारतीच्या मागच्या शेडमध्ये असा कुणी असेल तर त्याचं नाव विचारा, कार्ड आहे का विचारा. असेल तर एक सकाळ मोकळी ठेवून त्याच्यासोबत रेशन दुकानात जा आणि अंगठा उठेपर्यंत तिथे उभे राहा. दुकानदार ऐकत नसेल तर शिधावाटप कार्यालयात लेखी तक्रार द्या, आणि त्या अर्जाखाली त्याच्या सहीशेजारी तुमचीही सही करा.