पट्टा हातात आला, पण कुदळ कुठं मारायची?



आज आपण दूरच्या एका बेटाबद्दल बोलू. हवाईमधलं काहोओलावे. तिथल्या मूळ रहिवाशांसाठी ते कानालोआ या समुद्रदेवाचं बेट. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ साली, अमेरिकन लष्करानं ते सरावाला घेतलं. युद्ध संपलं, तरी बॉम्ब पडतच राहिले. १९५३ च्या सरकारी हुकमात लिहिलं होतं, काम संपलं की बेट राहण्याजोगं करून परत देऊ.

१९७६ च्या जानेवारीत नऊ जण बंदी मोडून बेटावर उतरले. पुढं कित्येकांनी जेल भोगली. १९७७ साली जॉर्ज हेल्म आणि किमो मिचेल हे दोघं समुद्रात गेले ते परत आलेच नाहीत. १९९० ला बॉम्ब थांबले. १९९४ ला बेट परत मिळालं.

पण पडलेला प्रत्येक बॉम्ब फुटत नाही. काही जमिनीत घुसून गंजत राहतात, अन् वर्षांनी कुदळ लागली तरी फुटू शकतात. सफाईसाठी ४० कोटी डॉलर मंजूर झाले. २००४ ला काम थांबलं तेव्हा चौथा हिस्सा तसाच राहिला होता. चार फूट खोल सफाई झाली ती जेमतेम दहाव्या हिश्श्याची. आजही परवानगीशिवाय तिथं उतरता येत नाही.

तेव्हा 'जमीन परत द्या' एवढं मागून भागत नाही. किती खोल साफ करणार, खर्च कोणाचा, मुदत किती, हेही मागायचं. कागदावर तर त्यांनाही मिळालं होतं. म्हणून शेवटचा गोळा निघेपर्यंत आपण उठायचं नाही.

जिंदाबाद!